सहावा बार

आज सोमवार. सोमवारी मी मौन धरते, दिवेलागणीपर्यंत तोंडातून शब्द काढत नाही. म्हणूनच ही हकिगत आज लिहायला घेतली. ज्या दिवशी खरंसुद्धा बोलायचं नाही, त्या दिवशी खोटं लिहून मी माझा नेम बुडवणार नाही.

तेव्हा जे लिहिते आहे ते घडलेलं आहे.

जुन्नर तालुक्यातलं पिंपळवंडी. गेल्या वर्षीचा वैशाख. आणि वेळ रात्रीची नव्हती... भर दुपारची होती. सावली पायाखाली येते ती वेळ. जुनी माणसं त्या वेळी विहिरीकडे फिरकत नाहीत.

ज्याच्या जिवावर बेतलं तो जालिंदर, माझा पाठचा भाऊ. आणि हे सगळं जिच्यासमोर घडलं ती सोनल, आमच्या थोरल्या बहिणीची मुलगी. तिने सांगितलं तसंच लिहिते.

सोनल पुण्यात आवाजाचं काम करते. म्हणजे सिनेमासाठी खरेखुरे आवाज हिंडून गोळा करायचे. एका सिनेमाला जमिनीच्या पोटातून आल्यासारखा आवाज हवा होता. काँप्युटरवर बनवलेला चालणार नव्हता. सोनलने शब्द दिला, "मी आणते."

असा आवाज कानाला कमी आणि छातीला जास्त कळतो. मोठा ढोल अंगावरून गेला की बरगड्या हलतात ना, तसा.

शब्द दिला खरा, पण आवाज काही मिळेना.

आधी ती डिंभ्याला गेली. धरणाचं पाणी सोडणार होते. एसटी वाटेत बंद पडली, आणि ही पोहोचली तेव्हा दरवाजे बंद आणि धरण गप्प. मग घाटघरला गेली. तिथे कड्यावरून वारा असा घुमतो की उभं राहवत नाही. पण शेजारी सहलीला आलेली पोरं मोठा स्पीकर लावून नाचत होती. तिने हात जोडले, तर पोरं म्हणाली, "ताई, तुम्हीपण या."

रडकुंडीला येऊन तिने मामाला फोन केला.

जालिंदर म्हणाला, "हिरीचं बार घ्यायला ये की. पोटात गोळा येतोय का न्हाई बघ."

आमचा जालिंदर विहिरी खोदणाऱ्या टोळीचा मिस्त्री. आजोबांच्या हाती मेंढरं होती, वडिलांच्या हाती नांगर, आणि याच्या हाती सुरुंग. खडकात भोकं पाडायची, त्यात दारू ठासायची, वाती पेटवून वर पळायचं. एक भोक उडालं की एक बार. वाती लहानमोठ्या ठेवतात, म्हणजे बार एकामागून एक उडतात आणि मोजता येतात.

आणि मोजणं हेच सगळ्यात महत्त्वाचं.

भरले तेवढे उडाले तरच माणूस खाली उतरतो. एक जरी कमी पडला तर त्या दिवशी विहीर बंद. कारण तो राहिलेला बार खडकात जिवंत असतो. वात धुमसत असते. पहार लागली, पाय पडला, की संपलं.

जालिंदरला हे शिकवलं ते गेणूदादांनी. त्यांचं शेत पिंपळवंडीलाच. शेतीही करायचे आणि टोळीही चालवायचे. जालिंदरवर पोटच्या पोरासारखी माया. सगळे त्याला जालिंदर म्हणायचे, ते एकटे "जाल्या" म्हणायचे.

गेणूदादा बार मोठ्याने मोजायचे. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. तसंच ते बाराला म्हणायचे. लाभ, दोन, तीन... त्यांनी आकडा म्हटला की टोळीतला कुणी दुसऱ्यांदा विचारत नसे.

आयुष्यभर बाराजवळ राहून त्यांचे कान अधू झाले होते. स्वतःच्याच विहिरीवर बार उडवताना त्यांनी पडसाद मोजला. पाचच उडाले होते. पाचव्याचा दणका समोरच्या टेकडीला आपटून परत आला, आणि गेणूदादा म्हणाले, "सहा. झाले समदे."

आणि खाली उतरले.

पुढचं लिहीत नाही.

तेव्हापासून जालिंदरच्या टोळीत नियम आहे. कुणी मोठ्याने मोजायचं नाही. ज्याने त्याने मुकाट बोटं दुमडायची. शेवटी सगळ्यांनी हात वर करायचे. सगळ्यांची बोटं जुळली तरच खाली उतरायचं. आणि पहिलं कोण, तर जालिंदर.

गेणूदादांची ती विहीर तशीच पडून होती. बायको साळुबाई तिच्याकडे पाठ करूनच राहायची. पण गेल्या वर्षी पाणी पार आटलं. डाळिंबाची बाग वाळायला लागली. मुलगा चाकणला कंपनीत. साळुबाईने जालिंदरला बोलावलं आणि म्हणाली, "दुसऱ्या कुणाला हात लावू देणार न्हाई. तूच खोल कर."

सोनल गेली ती याच कामावर.

सगळा आठवडा तिने मामाच्या टोळीला जेरीस आणलं, आणि टोळीने तिला. पहिल्या दिवशी ऐन बाराच्या वेळी बांधावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याच्यावर गाणी. दुसऱ्या दिवशी दादाभाऊच्या खिशात फोन वाजला. त्यावर आरती लावलेली. दादाभाऊ म्हणजे यारी चालवणारा. यारी म्हणजे विहिरीतला दगड वर ओढायचं यंत्र, त्याच्याच पाळण्यात बसून माणसंही खाली जातात.

"दादाभाऊ, फोन बंद ठेवा म्हटलं होतं ना," सोनल म्हणाली.

"बंदच व्हता गं. देवाला कुटं म्हाईत तुजं रेकॉर्डिंग चाललंय."

तिसऱ्या दिवशी तिच्या तारेत बिघाड. चौथ्या दिवशी ती यारीचं इंजिन बंद करा म्हणून ओरडली आणि दादाभाऊने तार ओढून ते बंद केलं, तर ते परत चालू होईना. अर्धा दिवस वाया गेला.

"पावणीबाई," दादाभाऊ हँडल मारून मारून घामाघूम झाला होता, "आवाजच पाह्यजे तर माज्या पोटाला लाव तुजं मशीन. सकाळधरनं गुडगुडतंय."

साळुबाई चहा घेऊन आली होती. ती पदराआड हसली. सोनलला हसू आलं नाही. तिचे डोळे भरून आले होते. सिनेमावाल्यांचे फोन सुरू झाले होते.

शेवटी जालिंदरनेच तोड काढली. "उद्या शेवटचं. बार उडंस्तवर सगळं बंद ठिवू, पाखराला बी हाकलू. पन बार झाल्यावर यारी चालू झाली की तू आडवी यायचं न्हाई. कबूल?"

"कबूल," सोनल म्हणाली.

या कबुलीनेच घात होणार होता.

दुसऱ्या दिवशी सहा बार भरले.

सोनलने एक माईक काठीवर उभा केला. तो आपल्या कानासारखा, हवेतलं सगळं ऐकणारा. दुसरा, तांब्याएवढा, विहिरीजवळ मातीत गाडला. तो माणसाचं बोलणं ऐकत नाही. जमिनीतून जे थरथरत येतं तेवढंच त्याला कळतं. कान घट्ट झाकणारे, हवेतल्या माईकला जोडलेले हेडफोन लावून ती चिंचेखाली बसली. जालिंदर, दादाभाऊ आणि साळुबाई चिंचेच्या पलीकडे.

टोळीतली बाकीची माणसं रस्त्यावर येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायला गेली होती.

जालिंदरने वाती पेटवल्या, वर आला, आणि हाळी दिली. "बार हाय होऽऽ"

मग सगळं शांत.

इतकं शांत की सोनलला हेडफोनमध्ये चिंचेचं पान पडलेलं ऐकू आलं.

पहिला बार...

जमीन खालून कुणी ढकलावी तशी हलली. दगड उडाले, यारीवर टाकलेल्या पत्र्यावर तडतडले. मशीनचा काटा पार टोकाला गेला. सोनलने श्वास रोखला. दुसरा. तिसरा. एकही तार सुटली नाही. कुणी खोकलं नाही. चौथा. पाचवा.

मग थोडा वेळ गेला.

आणि तिच्या छातीवर दणका बसला...

आधीच्या पाचांपेक्षा खोल. बरगड्यांतून गेला आणि पाठीतून बाहेर पडला. हाच, तिच्या मनात आलं. हाच आवाज मला हवा होता.

पण कानात काहीच नव्हतं.

हेडफोन गप्प. मशीनचा काटा जागचा हलला नव्हता.

पलीकडे तिघांचे हात वर गेले. जालिंदरचे, दादाभाऊचे, साळुबाईचे. प्रत्येकाचा एक पंजा आणि दुसऱ्या हाताचं एक बोट.

सहा.

सोनलने हेडफोन काढून मातीत आपटले. आठवडाभर उन्हात करपायचं, लोकांची बोलणी खायची, आणि नेमका हाच बार मशीनने गिळायचा. तिला ओरडावंसं वाटलं. जालिंदर जवळ आला.

"घावला का आवाज? शेवटचा लई जोराचा व्हता."

"तोच नाही आला मामा. तेवढाच नाही आला."

"आसूंदे. पाच हायेत की."

"मला तोच हवा होता," ती म्हणाली. त्याच्याकडे बघितलंही नाही.

धूर विरायला लागला. जालिंदर पाळण्याकडे गेला. दादाभाऊने इंजिन सुरू केलं. सोनल हेडफोन लावून बिघाड शोधायला लागली. कुठली तार, कुठलं बटण, तिला छडा लावायचाच होता.

तिने पाचव्या बारापासून ऐकायला घेतलं.

पाचवा बार. पत्र्यावर दगडांची तडतड. मग शांतता... लांब एक मोर ओरडला. साळुबाईच्या बांगड्या वाजल्या. दादाभाऊने नाक ओढलं. मग जालिंदरची पावलं. मग तिचंच बोलणं, "तोच नाही आला मामा."

कुठेही खंड नव्हता. तार सुटली नव्हती. मशीन क्षणभरही थांबलं नव्हतं.

तिने परत लावलं.

बांगड्या ऐकू येतात. नाक ओढलेलं ऐकू येतं. मग एवढा मोठा बार कसा येत नाही?

आणि मग तिच्या लक्षात आलं.

पाच बारांनंतर पाच वेळा पत्र्यावर दगड पडले होते. सहाव्यानंतर... एकही खडा पडला नव्हता.

बार उडालाच नव्हता.

ती उठली तेव्हा पाळणा विहिरीच्या काठाखाली गेला होता. जालिंदरचं मुंडासं दिसत होतं, तेही दिसेनासं झालं.

"दादाभाऊ, थांबवा," ती धावत सुटली. "वर घ्या मामाला. बंद करा."

इंजिनच्या धडधडीत तिचे शब्द कुठले पोहोचायला. दादाभाऊने तिला हात हलवताना पाहिलं. आठवडाभर रोज पाहत होता तसंच. त्याने कपाळावर हात मारला आणि खुणेनेच सांगितलं, आता न्हाई, कबूल केलंस की. मामाला खाली सोडू दे. मग करतो बंद.

"अहो बार राहिलाय."

त्याने कानाला हात लावला, मान हलवली, आणि दोर सोडत राहिला.

सोनल सांगते, मावशी, तेवढं असहाय मला कधी वाटलं नाही. आठवडाभर मीच ओरडून ओरडून माझ्या ओरडण्याची किंमत घालवली होती.

बोलण्यात वेळ घालवायचा नाही एवढं तिला कळलं. ती यारीवर चढली आणि इंजिन बंद करायची तार ओढली.

धडधड थांबली. पाळणा अर्ध्यावर लटकला.

"डोकं फिरलं का तुजं?" दादाभाऊ कडाडला. "आता चालू व्हतंय का हे? मिस्त्री अधांतरी हाय."

"पाचच उडालेत. सहावा खाली जिवंत आहे."

"समद्यांनी मोजले. तुज्या मशीनला कळत न्हाई म्हनून आमी बहिरे का?"

तेवढ्यात खालून जालिंदरचा आवाज आला.

"दादाभाऊ... सोड की खाली. का थांबलास?"

"ही तुमची भाची..."

"खाली माणूस हाय."

दादाभाऊ वाकून म्हणाला, "कोन माणूस? खाली कुनी न्हाई, मिस्त्री. समदी वर हायेत."

"हाय म्हनतो ना. हाक मारतोय."

विहिरीवर काहीच आवाज नव्हता. मोरही गप्प झाला होता. सोनलने कान दिला. तिला काही ऐकू आलं नाही.

"काय म्हनतोय?" दादाभाऊने विचारलं. त्याचा आवाज बदलला होता.

खालून उत्तर आलं.

"जाल्या म्हनतोय... ये म्हनतोय. झाले समदे."

साळुबाईच्या हातातली चहाची किटली खाली ठेवल्याचा आवाज झाला.

दादाभाऊ हँडलवर तुटून पडला. हँडल मारलं, इंजिन फुसफुसलं, गप्प झालं. परत मारलं. परत गप्प. खालून जालिंदर चिडून म्हणत होता, "आरं सोड, न्हाईतर मी दोरानं उतरतो." आणि दोर हलायला लागला. तो खरंच पाळण्यातून पाय बाहेर काढत होता.

"मामा, नका उतरू," सोनल काठावर आडवी झाली. "तुम्हाला माझी शपथ."

"तू गप. तुला काय कळतंय? माणूस खाली एकटा हाय."

तेव्हा साळुबाई विहिरीच्या काठाशी आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. डोक्यावरचा पदर नीट केला. नवऱ्याचं नाव तिने हयातीत कधी घेतलं नव्हतं, तेव्हाही घेतलं नाही. खाली बघून, घरात बोलावं तसं हलक्या आवाजात बोलली.

"आवं... त्याला सोडा."

दोर हलायचा थांबला.

"त्याच्या मागं बायको हाय, पोरी हायेत. तुमी गेलात ते मला पुरं झालं. जिते व्हता तवा एक शबूद ऐकला न्हाई माजा. आज तरी ऐका."



दादाभाऊने हँडल मारलं आणि इंजिन एका झटक्यात पेटलं.

पाळणा वर आला. जालिंदर त्यात उकिडवा बसला होता, डोळे खालीच लावलेले. दोघांनी त्याला ओढून काढलं, चौघंही चिंचेपलीकडे पळाले. दादाभाऊ म्हणत होता, "काय उडत न्हाई, बघा, उगं..."

आणि बार उडाला.

खरा. पत्र्यावर दगडांचा पाऊस पडला. पाळण्याच्या तळाला एक धोंडा भोक पाडून गेला.

कुणी हात वर केला नाही.

जालिंदर वाचला म्हणून आम्ही देवापुढे साखर ठेवली. पण तो मात्र सोनलवर रागावला. कितीतरी दिवस तिच्याशी बोलला नाही. "माणूस खाली व्हता, आन् तुमी मला वर ओढलं," एवढंच म्हणायचा. साळुबाईच्या मुलाने विहिरीवर दहीभात ठेवला, नारळ फोडला, वडिलांचं राहिलेलं सगळं केलं. विहिरीवर बाभळीच्या फांद्या टाकल्या. काम तसंच राहिलं. पाणी लागलं नाहीच. डाळिंबाची बाग गेली.

सोनलने सिनेमावाल्यांना नाही म्हणून कळवलं. त्यांनी दुसरा माणूस बघितला.

ते रेकॉर्डिंग तिने मला ऐकवलं आहे. एकादशी होती, मी उपाशी होते. हवेतल्या माईकवर तिने सांगितलं तेच होतं. पाच बार आणि मोर. मग तिने मातीत गाडलेल्या माईकचं लावलं. तो माईक बोलणं ऐकत नाही, हे मी वर लिहिलं आहे.

पहिला बार झाला... आणि खाली, खूप खाली, कुणीतरी म्हणालं, "लाभ."

मग दोन. मग तीन.

पाचापर्यंत प्रत्येक बारानंतर.

मग शांतता. आणि त्या शांततेत, अगदी समाधानाने... "सहा."

मी हेडफोन काढून ठेवले. त्या दिवशी मला हरिपाठ म्हणता आला नाही. ओळी विसरत होते.

हे ऐकलं तेव्हापासून मी एकच विचार करते. गेणूदादांनी माझ्या भावावर एवढी माया केली. मग त्याला वर जा म्हणायचं सोडून खाली का बोलावलं? की त्यांना अजून कळलंच नाही, आपण चुकीचं मोजलं ते? कुणाला विचारणार. साळुबाईला विचारलं, तर ती म्हणाली, "मला काय सांगून करायचे का ते काही."

मागच्या महिन्यात जालिंदर पुण्याला सोनलच्या खोलीवर गेला. न सांगता. बसला, चहा घेतला. मग म्हणाला, "ते मातीतलं हाय ना तुज्याकडं. येकदा ऐकू दे."

त्याला कुणी सांगितलं, तिला ठाऊक नाही. मी सांगितलं नव्हतं.

"पुसून टाकलं मामा," ती म्हणाली. "कायमचं." आणि खरंच तिने पुसून टाकलं होतं.

तिला वाटलं चिडेल. तो चिडला नाही. कपबशी नीट ठेवून उठला.

"बरं केलंस. तसं बी आता मशीन लागत न्हाई मला."

त्याची बायको निर्मला मला फोनवर सांगते, बाकी सगळं नीट आहे. जेवतो, कामावर जातो. फक्त दुपारी घरी असला की मधेच मान वर करतो आणि "आलो" म्हणून ओ देतो.

तिने हाक मारलेली नसते.